हट्ट किडनीचा, अट्टहास विज्ञानाचा!

हिंगोली जिल्ह्यातल्या हट्टा गावच्या गोठ्यातला बैल आणि किडनी वाढवणारी प्रयोगशाळा, यांचं नातं काय? करा अंदाज!

नातं आहे सुईचं. लाळ्या-खुरकूतची लस बनवायची तर आधी त्या रोगाचा विषाणू कशावर तरी वाढवावा लागतो. बहुतेक कारखान्यांत तो वाढतो हॅमस्टरच्या पिल्लाच्या किडनीच्या पेशींवर. या पेशींचं नाव बीएचके-२१. १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगोमध्ये अवघ्या एक दिवसाच्या पिल्लांपासून त्या मिळवल्या गेल्या. पिल्लं केव्हाच गेली. पेशी मात्र आजही मोठमोठ्या टाक्यांत जोमाने वाढतायत!

आता बैलावरून मालकावर येऊ. कोविशील्ड घेतली होतीत ना? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली? मग माहीत आहे का, त्या लशीतला विषाणू ज्या पेशींत वाढवला गेला त्या चक्क माणसाच्या किडनीपासून आलेल्या होत्या! नाव एचईके-२९३. जन्मसाल १९७३, गाव नेदरलँड्समधलं लायडन, मूळ एका गर्भाच्या किडनीचं. आणि २९३ कशाला? फ्रँक ग्रॅहम या शास्त्रज्ञाचा तो २९३ वा प्रयोग होता म्हणून. चिकाटी असावी तर अशी.

‘आम्ही कोव्हॅक्सिनवाले’ असं म्हणत असाल, तर तुमच्याही लशीमागे किडनी आहेच. ती आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाची. व्हेरो नावाच्या या पेशी १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात तयार झाल्या. लस बदलली, किडनी कॉमन!

मग प्रश्न पडतोच. किडनीच्या पेशी साठ वर्षांहून जास्त काळ टाक्यांत वाढतायत, तर एक अख्खी किडनी का वाढत नाही? भारतात दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांच्या किडन्या निकामी होतात आणि २०२३ या अख्ख्या वर्षात देशभर मिळून किडनी प्रत्यारोपणं झाली १३,४२६. हा आकडा पाहिला की हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाही.

चला तर, सुसाट निघू!

रोजचं एक टिपाड

एका किडनीचं वजन साधारण दीडशे ग्रॅम. आकार मुठीएवढा. आणि काम? हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या जोडगोळीकडे येतो. दोघी मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लग्नाच्या मांडवामागे पाण्याचं टिपाड असतं ना? जवळपास तेवढं. रोज! त्यातला ९९ टक्के द्रव रक्तात परत जातो आणि बाहेर पडतं ते जेमतेम दीड-दोन लिटर. आपण बाथरूमला जाऊन येतो तो या सगळ्या उलाढालीचा फक्त शेवटचा सीन.

गाळण्याचं हे काम करतात नेफ्रॉन नावाच्या सूक्ष्म नळ्या. एका किडनीत साधारण १० लाख. पण ‘साधारण’वर जाऊ नका. संशोधकांनी मोजले तेव्हा कुणाच्या किडनीत २ लाखांच्या आसपास निघाले, तर कुणाच्या किडनीत २७ लाख! एसटीत शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांच्या पोटात इतका फरक असू शकतो आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

आता खरा हट्ट ऐका. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या माणसाची किडनी जन्मानंतर एकही नवा नेफ्रॉन बनवत नाही. एकही नाही! गर्भाच्या ३६ व्या आठवड्याच्या सुमाराला कारखाना बंद होतो तो कायमचा. यकृताचा मोठा तुकडा कापला तरी ते पुन्हा वाढतं. किडनी फार तर नळीच्या आतल्या पेशींची डागडुजी करते, पण गेलेला नेफ्रॉन गेला तो गेलाच.

आणि यातले निम्म्याहून जास्त नेफ्रॉन तयार होतात गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. बाळ वेळेआधी आलं किंवा फार कमी वजनाचं जन्मलं, तर शिल्लक कमी घेऊनच ते आयुष्य सुरू करतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास चालवला. त्यातून जगाला कळलं की आपली बाळं दिसायला बारकी असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं आणि पुढे मधुमेहाचा धोकाही वाढतो. मधुमेह हे किडनी निकामी होण्याचं सगळ्यात मोठं कारण! म्हणून माझं ठाम मत आहे की किडनी जपण्याचा पहिला दवाखाना म्हणजे गरोदर बाईचं ताट. अंगणवाडीतला पोषण आहार आणि आशा ताईंची वजननोंद हाही किडनीचाच विषय आहे.

तीनदा बांधली, दोनदा पाडली

माहीत आहे का, आईच्या पोटात तुमची किडनी एकदा नाही, तीनदा बनली होती?

चौथ्या आठवड्यात मानेच्या बाजूला पहिली जोडी उगवते. काहीच काम न करता विरून जाते. मग तिच्या खाली दुसरी जोडी. ती थोडे दिवस खरंच मूत्र बनवते आणि ओसरते. पाचव्या आठवड्यात ओटीपोटाशी तिसरी जोडी सुरू होते, आणि तीच आपली कायमची.

दुसरीचं सामान वाया जात नाही हं. मुलग्यांमध्ये तिच्या नळीपासून शुक्राणू वाहून नेणारी नलिका बनते. रिसायकलिंग निसर्गाने आपल्याआधीच सुरू केलंय!

आणि बाळ ज्या पाण्यात नऊ महिने तरंगतं, ते पुढच्या महिन्यांत बरंचसं बाळाचंच मूत्र असतं. नाक मुरडू नका. त्याच पाण्यावर बाळाची फुप्फुसं तयार होतात.

तिसऱ्या किडनीची गोष्ट तर एखाद्या गाजलेल्या जुगलबंदीसारखीच रंगते. एका बाजूने एक कोवळी नळी येते. दुसऱ्या बाजूला पेशींचा एक पुंजका तिची वाट पाहत असतो. पुंजका रासायनिक निरोप पाठवतो, ‘फांद्या फोड!’ नळी फांद्या फोडते आणि उलट निरोप धाडते, ‘नेफ्रॉन बनव!’ दोघांचा हा संवाद आठवडेच्या आठवडे चालतो आणि त्यातून लाखो नेफ्रॉन बरोबर एकाच नाल्याला जोडले जातात. पेशी वाढवणं सोपं आणि किडनी बांधणं अवघड का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. टाकीतल्या पेशींना बोलायला समोर कुणी नसतं.

माशांचा हेवा

झेब्राफिश हा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला बोटभरही नसलेला मासा. त्याच्या किडनीला इजा करा, तो नवे नेफ्रॉन बनवतो. मोठेपणीसुद्धा! समुद्रातला पाकटाचा एक भाऊबंदही हेच करतो. आफ्रिकेतला काटेरी उंदीर नवे नेफ्रॉन बनवतो असं कुणी दाखवलेलं नाही, पण किडनीची जखम तो व्रण न ठेवता भरून काढतो, असं २०२१ मध्ये संशोधकांनी नोंदवलं. आपल्या किडनीत त्याच जागी कडक व्रण उरतो.

मासा करतो, मग माणूस का नाही? याच एका प्रश्नावर आज जगभर प्रयोगशाळा जागतायत.

कोपरात किडनी, पोटात तीन

फ्लॅशबॅक! १९०६, फ्रान्सचं लियों शहर. मातियू जाबुले या सर्जनने एका बाईच्या कोपराशी डुकराची किडनी जोडली. दुसऱ्या रुग्णाला शेळीची. दोन्ही टिकल्या नाहीत. पण धाडस बघा, तेव्हा रक्तगटाचं शास्त्रही नुकतंच पाळण्यात होतं.

१९४३, नाझींच्या ताब्यातलं नेदरलँड्स. विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर सॉसेजच्या आवरणाची सेलोफेन नळी एका फिरत्या पिंपावर गुंडाळतो. त्या नळीतून रुग्णाचं रक्त खेळवतो. झालं जगातलं पहिलं कामाचं डायलिसिस मशिन! सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. तो थांबला नाही. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून उठली, आणि आज जगात जे लाखो लोक आठवड्यातून दोन-तीनदा मशिनला जोडून घेतात त्यांची वाट तिथे उघडली.

२३ डिसेंबर १९५४, बोस्टन. रिचर्ड हेरिकला त्याच्या जुळ्या भावाची, रोनाल्डची, किडनी बसवली गेली. दोघे खरोखर एकसारखे जुळे आहेत का, हे तपासायला डॉक्टरांनी काय करावं? पोलिसांकडून बोटांचे ठसे घेतले! रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला. सर्जन जोसेफ मरे यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं.

आपण कुठे होतो? फार मागे नव्हतो. मे १९६५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात मृत दात्याची किडनी बसवण्याचा भारतातला पहिला प्रयत्न झाला. यश टिकलं नाही. टिकाऊ यश आलं १९७१ मध्ये वेल्लोरला. पण त्याच केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयप्रत्यारोपण करून दाखवलं, जगात पहिलं हृदय बसल्याला तीन महिनेसुद्धा झाले नव्हते तेव्हा! परळच्या केईएमची ही हिंमत मराठी वाचकाने छाती फुगवून सांगावी अशी आहे.

आणि हो, माहीत आहे का? प्रत्यारोपणात जुन्या किडन्या सहसा काढतच नाहीत. नवी बसते ओटीपोटात, पुढच्या बाजूला. म्हणजे अशा माणसाच्या पोटात किडन्या तीन. एक ड्युटीवर, दोन रिटायर!

‘सू’पासून किडनी

आता सगळ्यात भारी ट्रिक. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घातली आणि ती पेशी पुन्हा ‘बाळ’ झाली. २००७ मध्ये माणसाच्या पेशीवर तोच प्रयोग. २०१२ मध्ये नोबेल. अशा पेशीपासून शरीरातली कुठल्याही प्रकारची पेशी बनवता येऊ शकते. त्यांना म्हणतात आयपीएस पेशी.

मूळ पेशी कुठून घ्यायच्या? त्वचेतून, रक्तातून. किंवा थेट मूत्रातून! लघवीत किडनीच्या झडलेल्या पेशी असतातच. चीनच्या ग्वांगझूमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये त्यांच्यापासून आयपीएस पेशी बनवल्या. २०१३ मध्ये तिथल्याच संशोधकांनी मूत्रातून मिळालेल्या पेशींपासून उंदराच्या शरीरात दातासारखी रचनाही उगवून दाखवली. लघवीतून दात! वाचा, पुन्हा वाचा.

किडनीवर येऊ. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलिसा लिट्ल यांच्या टीमने आयपीएस पेशींना ठरावीक क्रमाने ठरावीक रसायनं पाजली, आणि तीन-साडेतीन आठवड्यांत बशीत काहीतरी दिसू लागलं. नेफ्रॉन! शेकडो! सोबत बारीक रक्तवाहिन्यांची सुरुवात. याला म्हणतात ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवाचं इवलंसं मॉडेल. जपानमधले रियुइची निशिनाकामुरा आणि हार्वर्डमधल्या टीमनेही याच काळात आपापल्या रेसिपी मांडल्या.

मग अडलं कुठे?

पहिली अडचण आकाराची. ऑर्गनॉइड असतो मिलिमीटरमध्ये. त्याहून मोठा झाला की आतल्या पेशी रक्ताअभावी मरतात. दुसरी अडचण वयाची. तो गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या किडनीइतकाच कोवळा राहतो. आणि तिसरी, सगळ्यात त्रासाची: आउटलेटच नाही. नेफ्रॉन मूत्र बनवतील, पण ते जाणार कुठे? जुगलबंदीतली ती फांद्या फोडणारी नळी पुंजक्याच्या रेसिपीत येतच नाही. ती वेगळी बनवावी लागते आणि मग दोघांना समोरासमोर बसवावं लागतं.

२०२५ मध्ये अमेरिकेत झोंगवेई ली यांच्या टीमने नेमकं तेच केलं. दोन्ही भाग वेगवेगळे वाढवून एकत्र आणले, उंदरात बसवले, आणि ते नवजात उंदराच्या किडनीइतके पक्व झाले. त्याच वर्षी इस्रायलच्या शेबा रुग्णालयातून बातमी आली की बेंजामिन डेकेल यांच्या टीमचे किडनी-ऑर्गनॉइड सहा महिन्यांहून जास्त काळ वाढत राहिले. आधीचे आठवड्यांत माना टाकायचे!

ऑर्गनॉइड बसवता येत नसला तरी कामाला लागलेला आहे. २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू किडनीत कसा घुसतो आणि त्याला अडवायचं कसं, हे याच इवल्या मॉडेलवर पाहिलं गेलं. पेशंटला नख न लावता औषधाची टेस्ट!

अंतराळवारीही झाली बरं का. मे २०१९ मध्ये छोट्याशा चिपवर वाढवलेल्या किडनीच्या पेशी थेट अंतराळ स्थानकात पोहोचल्या. वजनरहित जागेत मुतखडे आणि हाडांचे त्रास का वाढतात, हे बघायला.

टूथपेस्टमधला साबण आणि भुताची किडनी

ही युक्ती मला सगळ्यात आवडते.

पेशींना घर बांधायला जमत नाही ना? मग जुन्या घरातून भाडेकरू काढा आणि नवे आणा! किडनीच्या रक्तवाहिन्यांतून सोडियम लॉरिल सल्फेट सोडत राहा. हो, तेच, जे टूथपेस्टला आणि शाम्पूला फेस आणतं. सगळ्या पेशी धुऊन जातात. उरतो पारदर्शक, पांढुरका सांगाडा. वाहिन्या जागच्या जागी, नेफ्रॉनच्या जागा जशाच्या तशा, फक्त आत राहणारं कुणी नाही. संशोधक लाडाने त्याला भुताचा अवयव म्हणतात.

२०१३ मध्ये बोस्टनच्या हॅराल्ड ऑट यांच्या टीमने उंदराच्या अशा सांगाड्यात नव्या पेशी सोडल्या आणि ती किडनी उंदरात बसवली. तिने मूत्र बनवलं! थोडं आणि पातळ, पण बनवलं. माणसाच्या आकारात अडचण तीच जुनी: १० लाख नेफ्रॉनच्या प्रत्येक कोपऱ्यात योग्य पेशी पोहोचवायची कशी? आणि एखाद्या वाहिनीला अस्तर नीट लागलं नाही तर तिथे रक्त गोठतं.

थ्री-डी प्रिंटरने छापावी का मग? २०११ मध्ये अँथनी अटाला यांनी टेडच्या व्यासपीठावर छापलेली किडनी हातात धरून दाखवली आणि जगभर मथळे झळकले. आकार हुबेहूब, पण ती काम करणारी किडनी नव्हती. मात्र याच अटालांनी रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून मूत्राशय वाढवून सात मुलांना बसवले होते, आणि ते काम खरं होतं. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मूत्राशय म्हणजे पिशवी. किडनी म्हणजे अख्खं जलशुद्धीकरण केंद्र. फरक इथे पडतो.

डुकराच्या पोटात माणसाची किडनी

दचकू नका, पण झालंय. २०२३ मध्ये ग्वांगझूच्या संशोधकांनी डुकराच्या भ्रूणात स्वतःची किडनी बनवणारी दोन जनुकं बंद केली आणि रिकाम्या जागेत माणसाच्या पेशी सोडल्या. १३ डुकरिणींमध्ये १,८२० भ्रूण ठेवले. तपासणीला हाती लागले फक्त ५. पण २८ व्या दिवसापर्यंत त्यांच्यात दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे ती मधली, किडनी वाढत होती आणि तिच्यात ५० ते ६० टक्के पेशी माणसाच्या होत्या. प्रयोग तिथेच थांबवला. मानवी पेशी डुकराच्या मेंदूत शिरल्या तर, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. संशोधक त्यावर बारीक लक्ष ठेवून असतात, आणि ठेवलंच पाहिजे.

दुसरी वाट उलटी. किडनी डुकराचीच, पण जनुकं बदललेली. मार्च २०२४ मध्ये बोस्टनमध्ये ६९ जनुकीय बदल केलेली डुकराची किडनी पहिल्यांदा एका जिवंत माणसात बसली. ६९ पैकी ५९ बदल कशासाठी? डुकराच्या डीएनएमध्ये लपून बसलेल्या विषाणूंना कुलूप लावायला!

स्कोअरबोर्ड बघा. तो पहिला रुग्ण जवळपास दोन महिने जगला. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णाला बसवलेली किडनी ४७ दिवसांनी काढावी लागली. पुढची १३० दिवस चालली. जानेवारी २०२५ मध्ये बोस्टनला बसवलेली २७१ दिवस खेळली, तेव्हाचा विक्रम! ही माणसं नुसते आकडे नाहीत. पुढच्यांसाठी त्यांनी आपलं शरीर पणाला लावलं.

पवईची पोकळ दोरी

अख्खी किडनी नाही तर नाही, अर्धं यंत्र आणि अर्धी जिवंत किडनी चालेल का? इथे मराठी मुलुखाची एंट्री!

मुंबईच्या पवईत, आयआयटी बॉम्बेमध्ये, प्रा. जयेश बेल्लारे यांची टीम केसासारख्या बारीक पोकळ तंतूंवर काम करत आलीय. डायलिसिसच्या नळकांड्यात असे हजारो तंतू असतात. आतून रक्त, बाहेरून औषधी पाणी, मधल्या भिंतीतून घाण गळून जाते. बेल्लारेंच्या टीमने या भिंतीत ई जीवनसत्त्वापासून बनलेला एक घटक मिसळला. रक्ताला ती भिंत कमी परकी वाटते आणि विषारी द्रव्यं चांगली गाळली जातात. मग पुढची उडी: त्याच तंतूंवर किडनीच्या पेशी वाढवायच्या. तंतू गाळणार, पेशी उपयोगी क्षार-साखर परत ओढून घेणार. हीच जैवकृत्रिम किडनी.

आणि २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत तंतूंवर कोणत्या पेशी वाढवल्या होत्या, माहीत आहे का? एचईके-२९३! कोविशील्डवाल्या! जग लहान आहे हो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला शुवो रॉय यांचा ‘किडनी प्रोजेक्ट’ हीच कल्पना शरीराच्या आत न्यायला बघतोय. सिलिकॉनची चाळणी, मागे जिवंत पेशींचा कप्पा, आणि बॅटरी? लागतच नाही! हृदयाचा दाबच पंप. २०२३ मध्ये या पेशींचा कप्पा डुकरांत सात दिवस चालला, आणि शरीराने त्या पेशी नाकारल्या नाहीत.

चाळणीची भोकं साधारण १० नॅनोमीटरच्या आसपासची. केसाची जाडी त्याच्या हजारो पट. इतक्या सूक्ष्म मापाचं नवल हट्टेकरांना आता फारसं वाटायचं नाही, कारण शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला ‘लायगो-इंडिया’ उभं राहतंय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत अणूच्या केंद्रकाहूनही कमी फरक पडला तरी टिपणारी वेधशाळा. हिंगोली जिल्हा हाय-टेक नाही असं म्हणायची आता कुणाची हिंमत?

हट्ट्याहून पुढे

थोडं गंभीर. हट्ट्यातल्या एखाद्या घरात आज किडनी निकामी झाली, तर त्या घराला २०४० ची प्रयोगशाळा नको असते, उद्या सकाळचं डायलिसिस हवं असतं. एका बैठकीला साधारण चार तास आणि सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा आकडा वाचून पोटात गोळा येतो.

सोय कुठली? २०१६ पासून पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. मृत दात्याचा अवयव हवा असेल तर नाव प्रत्यारोपण रुग्णालयामार्फत विभागीय समन्वय केंद्रात नोंदवलं जातं. महाराष्ट्रात अशी चार केंद्रं: मुंबई, पुणे, नागपूर आणि मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर.

अवयवदानाचा १९९४ चा केंद्रीय कायदा ४ फेब्रुवारी १९९५ रोजी सगळ्यात आधी ज्या राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. इथे आपण पहिल्या बाकावर!

एका आकड्याने मात्र मान खाली जाते. १९९५ ते २०२१ च्या राष्ट्रीय नोंदींत अवयव मिळालेल्या दर ५ जणांत ४ पुरुष आहेत. आणि घरातली किडनी द्यायची वेळ येते तेव्हा पुढे होते ती बहुतेकदा आई, नाही तर बायको. बाईला गरज पडली तर घरातल्या पुरुषांनीही तितक्याच झटकन पुढे यावं, एवढंच म्हणते.

आणखी दोन सूचना, पटकन. ‘स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, किडनी नवी होईल’ असं कुणी सांगितलं, तर पाकीट खिशात ठेवा. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल उपचार फक्त मंजूर चाचणीतच करता येतात, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत.

आणि हळद! वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा रंग आणि दरवळ काय वर्णावा! आमटीत, भाजीत, दुधात खुशाल घ्या. पण किडनी सुधारेल म्हणून हळदीच्या गोळ्यांचा मारा नको. हळदीत ऑक्झलेट असतं, आणि अति प्रमाणात ते किडनीतच खडे बनून बसतं. असे रुग्ण नोंदवले गेलेत.

रक्तगट बदलून मिळेल!

ताजी गंमत. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनडा आणि चीनच्या संशोधकांनी ‘ए’ गटाची किडनी एन्झाइमने धुऊन ‘ओ’ गटाची केली आणि चोंगचिंगमध्ये मेंदूमृत माणसात बसवून पाहिली. दोन दिवस ती शांतपणे चालली, मग ‘ए’च्या खुणा पुन्हा उमटायला लागल्या. ‘ओ’ गटाच्या रुग्णांना किडनीसाठी सगळ्यात जास्त थांबावं लागतं, म्हणून या दोन दिवसांचं मोल मोठं.

अहमदाबादच्या किडनी संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी अनेक वर्षं वेगळाच प्रयत्न केला. दात्याच्या किडनीबरोबर त्याच्या स्टेम सेलही रुग्णाला द्यायच्या, म्हणजे शरीर नव्या पाहुण्याला आपला मानेल आणि किडनी नाकारली जाऊ नये म्हणून घ्याव्या लागणाऱ्या गोळ्या कमी लागतील.

अमेरिकेतली एक कंपनी तर सुईने रुग्णाच्याच किडनीतून थोड्या पेशी काढते, वाढवते, आणि त्याच किडनीत परत टोचते. मोठी चाचणी सुरू आहे. नवी किडनी नाही, पण आहे तिचं आयुष्य वाढवायचं.

आता रेकॉर्ड! इंग्लंडमधल्या एका तरुणीला १९७३ मध्ये तिच्या ५७ वर्षांच्या आईने किडनी दिली. वर्षं गेली, पंतप्रधान बदलले, आई गेली. किडनी चालूच! २०१६ मध्ये लेक ६८ वर्षांची होती आणि तिच्या पोटातली किडनी शंभर वर्षांची. बशीत उगवा, साबणाने धुवा, सिलिकॉनमध्ये बसवा, डुकरात वाढवा. प्रयोगशाळेतल्या किडनीला गाठायचं टार्गेट हे आहे. शंभर, नॉट आऊट!